नळीतला निळा रंग

माझी अक्का आयुष्यभर एकच खोटं बोलली, पण ते दिवसातून दोनदा बोलली. "जेवलीस का?" असं कुणी विचारलं की हातातलं काम न थांबवता ती म्हणायची, "जेवले की मघाच." चुलीवरचा तवा गार, टोपल्यात भाकरीचा तुकडा नाही, आणि ही जेवलेली! लहानपणी मला वाटायचं, मोठी माणसं हवेवर जगत असतील. पुढे अक्कल आली तेव्हा मी टोपलं तिच्यासमोर उपडं करून दाखवायचो. ती म्हणायची, "पोटं काय टोपल्यात बघून भरतेत व्हय?" मी टोपलं परत सुलटं करून ठेवायचो.

अक्का माझी थोरली बहीण. आमच्या दोघांत वीस वर्षांचं अंतर. मी वर्षाचा असताना आई गेली आणि त्याच साली अक्काचा नवरा पटकीच्या साथीत गेला. ती सासरहून एक गाठोडं घेऊन आली, ओसरीवर मला पाळण्यात रडताना बघितलं, गाठोडं तिथेच टाकलं आणि मला उचललं. ते गाठोडं पुढे कधी सासरी परत गेलं नाही. आमचं गाव कमलनगर स्टेशनापासून दोन कोसांवर. काळी जमीन, तूर आणि ज्वारी. वडील शेतात असायचे आणि मी अक्काच्या काखेत. गावात मला माझं नाव नव्हतंच, मी 'अक्काचा अप्पा'. पुढे मी उर्दू शिकलो, बिदरला राहून औषधं कालवायला शिकलो आणि गावाला लागूनच असलेल्या कसब्याच्या सरकारी दवाखान्यात कंपौंडर झालो. मग गावाने उलटं केलं. ती 'कंपौंडरची अक्का' झाली. तिला याचा एवढा अभिमान की बाजारात भाजीवालीलाही सांगायची, "नीट दे गं, कंपौंडरच्या घरात जायलीया भाजी."

तिचे उपवास मोजण्यापेक्षा तिचे जेवणाचे दिवस मोजणं सोपं होतं. सोमवार, एकादशी, चतुर्थी, शिवरात्र. शिवाय कुणाचं पोर आजारी पडलं, कुणाची म्हैस व्यायला अडली, तरी अक्का उपाशी. माझ्या बायकोने एकदा हसत विचारलं, "वन्सं, म्हशीसाठी तुम्ही कामून उपाशी?" अक्का म्हणाली, "म्हशीला उपास कळत न्हाई म्हणून." या सगळ्यांत एक उपवास मात्र वेगळा होता. नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बायका भावाचा उपवास धरतात, भावाला आयुष्य मिळावं म्हणून. अक्का तो निरंकार करायची. अन्न नाही, पाणी नाही, तोंडातली थुंकीसुद्धा गिळायची नाही असं बायको म्हणायची. दुसऱ्या दिवशी वारुळाला दूध घालून आली की मला समोर बसवून आधी खायला घालायची आणि मगच स्वतः घास घ्यायची.

पासष्टी ओलांडली आणि अक्का वाळायला लागली. दिवसाकाठी घागरभर पाणी प्यायची आणि तहान तहान करायची. मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग लागली. ती आपली हसायची, "जन्मभर कडू बोलले, आता म्हातारपणी गोड झाले बघ." सरपण गोळा करताना पायात बाभळीचा काटा मोडला होता, ती जखम दोन महिने भरेना. हकिमाची पुडी झाली, वैद्याच्या जांभळाच्या बिया झाल्या, कारल्याचा रस झाला. शेवटी मी तिला आगगाडीत घालून बिदरला नेलं. तिथले डॉक्टरसाहेब म्हातारे, शांत. त्यांनी पाय बघितला, लघवी तपासली आणि म्हणाले, "शक्कर है. सुई के बगैर नहीं बचेगी." त्या काळात त्या सुईचं, इन्शुलिनचं, नाव आमच्या भागात किती जणांनी ऐकलं असेल कोण जाणे. मी कंपौंडर, म्हणून घरी द्यायचं ठरलं.

औषधाची बाटली हैदराबादहून यायची. गाडीचा गार्ड ओळखीचा होता, तो ती ओल्या फडक्यात गुंडाळून कमलनगरला माझ्या हाती द्यायचा. घरात मी ती पाण्याच्या माठाखाली ओल्या वाळूत पुरून ठेवत असे. रोज सकाळी सुई उकळायची, काचेवरच्या रेघा मोजून औषध ओढायचं. अक्का तोंड फिरवून दंड पुढे करायची. "टोच बाबा, लहानपणी मी तुला काय कमी चिमटे काढलेत?" पंधरा दिवसांत जखम भरायला लागली. दोन महिन्यांत ती परत अंगणात शेण टाकायला लागली. मी तिला मरणाच्या दारातून आणलं असं गाव म्हणायचं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं.

सुईपेक्षा अवघड काम नळीचं होतं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. थोडी असली तर हिरवं, मग पिवळं, आणि फार असली तर विटेसारखं लाल. पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा अक्काने कपाळावर हात मारला. "भावानं बहिणीचं असलं काही हातात धरायचं? मला नरकात कामून घालायलास?" आठ दिवस तिने दाद दिली नाही. नवव्या दिवशी न्हाणीच्या दाराआड तांब्या दिसला, वर पळसाचं पान झाकलेलं. त्यानंतर रोज तो तिथे असे, आणि त्याबद्दल आम्ही दोघं एक शब्द बोलत नसू.

त्या नळीने माझं डोकं फिरवलं. मी एक वही केली आणि रोजचा रंग लिहू लागलो. लाल गेला, पिवळा गेला, हिरवा गेला, आणि एक दिवस नळी निळीच्या निळी राहिली. मी ती घेऊन पळत अंगणात गेलो. "अक्का, बघ, आभाळ!" ती म्हणाली, "आभाळाला काय करू? मला भूक लागलीया." मी हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते. जी बाई जन्मभर भूक नाही म्हणाली, ती त्या आजारात पहिल्यांदा भूक लागली म्हणत होती, आणि मी म्हणत होतो, दुपारपर्यंत थांब. दीड भाकरी, वाटीभर वरण, अंबाडीची भाजी. गूळ बंद, आंबा बंद, सीताफळ बंद, शेंगाची पोळी बंद. बायको एकदा म्हणाली, "त्यांच्या दंडावर चोळी राहीना झाली, एक भाकरी जास्त दिली तर काय होतंय?" मी तिला वही दाखवली. सलग एकवीस दिवस निळा! बायकोला त्या निळ्याचं काही कौतुक वाटलं नाही.

पुढच्या वर्षी चैत्रात एका दुपारी घरी आलो तर अक्का घामाने थबथबलेली. बायकोला आईच्या नावाने हाक मारायली होती आणि बकरी कुठे गेली म्हणून विचारायली होती. आमच्याकडे बकरी कधी नव्हती. साखर फार उतरली हे माझ्या ध्यानात आलं. गुळाचं पाणी करून पाजलं. पाच मिनिटांत ती ताळ्यावर आली, ओठ चाटले आणि म्हणाली, "किती दिसांनी गूळ दिलास रे अप्पा!" तिच्या तोंडावर लहान मुलीसारखा आनंद होता. मी मात्र घाबरलो आणि पुढच्या गाडीने तिला बिदरला घेऊन गेलो.

डॉक्टरसाहेबांपुढे मी वही ठेवली. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. त्यांनी पानं चाळली, मग अक्काचं मनगट दोन बोटांत धरलं. बराच वेळ धरलं. मग मला म्हणाले, "मियाँ, ये क्या करे तुम? बुढ्ढी हड्डियाँ हैं. जवान की शक्कर अलग, इनकी अलग. हरा आया तो अल्ला का शुक्र करो, नीले के पीछे नको पडो." मी म्हणालो, "साहेब, पुढे डोळे जातात, पाय जातो." ते म्हणाले, "दस बरस बाद का डर इनको नको दिखाओ. आज पेट भर खाई, रात को सोई, सुबह उठी, चली. बस, इत्ताच देखो." त्यांनी सुईच्या रेघा कमी करून कागदावर लिहून दिल्या. येताना स्टेशनावर अक्का म्हणाली, "साहेब चांगला माणूस हाय. पोटभर म्हणाला." तेवढंच उर्दू तिला नेमकं कळलं होतं.

दोन महिने मी त्या कागदाप्रमाणे वागलो. नळीत हिरवा यायचा, कधी पिवळा. अक्काच्या गालावर जरा मांस आलं. पण पिवळी नळी बघितली की मला आपण कामात चुकलो असं वाटायचं. मग कुणाला न सांगता मी एक रेघ वाढवली. पंधरा दिवसांनी आणखी एक. डॉक्टरसाहेब बिदरला होते आणि दंड माझ्यासमोर होता.

उपवासांचं भांडण तर सुईच्या पहिल्या वर्षापासूनचं. मी बजावलं होतं, सुई घेऊन उपाशी राहिलीस तर मरशील. तिने बराच विचार केला आणि तोडगा काढला. "एकादशी घे, सोमवार घे, चतुर्थी बी घे. पंचमीच्या आदल्या दिसाचा तेवढा मागू नको. त्यो माझा न्हाई, तुझा हाय." मी चिडलो. "माझा आहे तर मीच सांगतो, तो पण सोड." ती उठून भाकरी थापायला गेली. म्हणजे तिने ऐकलं असं मी धरलं. त्या पहिल्या वर्षी त्या दिवशी मी रजा घेऊन घरीच थांबलो आणि तिला समोर बसवून भाकरी खायला लावली. तिने अर्धी खाल्ली. घास गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी म्हणत होतो, हं, अजून एक.

त्याच भादव्यात मला विषमज्वर झाला. एकवीस दिवस अंथरुणात होतो, दोनदा तर सगळ्यांनी आशा सोडली. अक्का उशाशी बसून असे. मी उठलो, हिंडायफिरायला लागलो आणि ते दुखणं विसरूनही गेलो. अक्का विसरली नव्हती. "मी घास खाल्ला आन् त्येच्यावर आलं," असं ती बायकोला म्हणाली होती. बायकोने ते मला पुढे, सगळं होऊन गेल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

पुढच्या वर्षीची पंचमी आली. बायकोचा भाऊ गाडी घेऊन आला आणि ती पोरांना घेऊन सणाला माहेरी गेली. जाताना तिने सणासाठी केलेले दोन लाडू गुपचूप अक्काला चारले. घरात श्रावण चालू होता, पण माझ्या टेबलावर निजाम सरकारचं फसली कॅलेंडर होतं, त्यात महिना मेहर, आपल्या तिथ्या नाहीत. तिथी सांगणारी बायको, ती गेलेली. दुसऱ्या दिवशी सकाळीही पंचमी अजून दोन दिवसांवर आहे अशा हिशेबात मी होतो. ती उद्यावर आली होती.

त्या सकाळी नळी पिवळी आली. लाडवांचं मला माहीत नव्हतं, मी नुसता रंग बघितला आणि चार रेघा जास्त ओढल्या. अक्काने दंड पुढे केला. मग तिने मला गरम भाकरी वाढली, शेंगाची चटणी वाढली, वर तेल घातलं. मी जेवता जेवता विचारलं, "तू खाल्लीस का?" ती म्हणाली, "खाल्ली की मघाच." साठ पावलांवर टोपलं असतं तर गोष्ट वेगळी. ते माझ्या हाताशी होतं. मी झाकण उचललं नाही. दवाखान्यात लस टोचायची घाई होती, हात धुतले आणि निघालो.

दुपारी एक बाई तापाचं औषध न्यायला आली. मी पहिली मात्रा तिथेच घे म्हणालो. तिने मान हलवली. "आज न्हाई घेत दादा. आज भावाचा उपास हाय, पाणी बी चालत न्हाई. उद्या वारुळाला जाऊन आले की घेते."  बाटली तिथेच टाकून मी पळत सुटलो. कसब्याच्या भर बाजारातून कंपौंडर अनवाणी पळतोय म्हणून लोक बाजूला होत होते.

अक्का भिंतीपाशी पडलेली होती. भिंतीवर गेरूने नाग काढायला घेतला होता, दोन वेटोळी झाली होती आणि फणा राहिला होता. दात घट्ट बसलेले, हातपाय झटके देत होते, लुगडं घामाने ओलं. मी गूळ कुस्करून हिरड्यांना चोळला. शेजारणीला तिच्याजवळ बसवून परत दवाखान्यात पळालो. आमचे डॉक्टर दौऱ्यावर होते. कपाटातून साखरेच्या पाण्याची काचकुपी घेतली आणि परत आलो. मी हजारो सुया दिल्या असतील. त्या दिवशी तिची शीर मला तिसऱ्या खेपेला सापडली.

दिवेलागणीला तिने डोळे उघडले. मी रडायला लागलो. तिने माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं, आणि कुणी परका पुरुष समोर आल्यावर ओढतात तसा पदर डोक्यावर ओढला.

त्यानंतर अक्का पाच महिने जगली. धरून चालायची, भरवलं की खायची. बायकोला कधीकधी ओळखायची, पोरांना नावाने हाक मारायची. मला एकदाही ओळखलं नाही. डॉक्टरसाहेबांना मी सगळं सांगितलं, वाढवलेल्या रेघांसकट. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. "मियाँ, तुम्हारी नीयत साफ थी," एवढंच म्हणाले. नीयत साफ होती, पण मला ओळखणारी अक्का गेलीच होती. मी नळी फोडून टाकली आणि वही चुलीत घातली. सुई त्यांनी सांगितली तेवढीच, तीही ती नीट जेवल्यावर. आता तिला भूक लागली की आम्ही खायला द्यायचो. शेंगाची पोळी, सीताफळ, गूळ. ती दोन्ही हातांनी खायची आणि पोट भरलं की खरं सांगायची, "भरलं." त्या दिवसांत तेवढंच एक चांगलं होतं.

आजही दवाखान्यात कुणी वाळलेली म्हातारी आली की मी आधी ती काय जेवली ते विचारतो, आणि तिच्या उत्तरावर विश्वास न ठेवता सुनेला विचारतो. नवे कंपौंडर हसतात. हसू देत.

येळवसेनंतर आठ दिवसांनी अक्का गेली. झोपेत गेली, पोटभर जेवून. पण मला तो दिवस तितका आठवत नाही, येळवस आठवते. त्या अमावास्येला आमच्याकडे सगळं गाव शेतात जेवायला जातं. घरचे सगळे गेले होते, मी अक्कापाशी थांबलो होतो. बायकोने मागे ठेवलेली पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि ताकातलं अंबिल घेऊन मी तिला भरवायला बसलो. ऊन ओसरीवर आलं होतं. चार घास झाल्यावर ती माझ्याकडे निरखून बघायला लागली.

"तुमी दवाखान्यातले नव्हं?"

"व्हय."

"मग माझ्या अप्पाला वळखत असाल. लई हुशार हाय. त्यो मला रोज सुई देतो. त्येच्यामुळं जित्ती हाय मी."

मी भज्जी कालवत राहिलो. तिने दाराकडे एकदा बघून घेतलं आणि माझ्या कानाशी वाकली.

"एक सांगते, त्येला बोलू नका. पंचमीच्या आदल्या दिशी मी उपास धरलेला. त्येला कळलं तर रागं भरंल. त्यो लई दुखण्यातून उठलाय, त्येला काही व्हायला नको."

"न्हाई सांगत."

"माझी आण?"

"तुमची आण," मी म्हणालो. तिचं समाधान झालं आणि तिने पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.